वसूलनाना

थाळी 'अमर्याद' असली की नाना आदल्या रात्रीपासून उपास धरतात. सकाळी अर्धा कप चहा, अकराला ग्लासभर ताक आणि बाराच्या ठोक्याला ठाण्याच्या त्या हॉटेलात हजर. वाढपी पहिल्या फेरीला पोळ्या आणि भात घेऊन आला की नाना ताटावर आडवा हात धरतात. "ते शेवटी. आधी बासुंदी येऊ दे." पोळी-भात घरी रोज मिळतो, त्यानेच पोट भरणं म्हणजे हॉटेलवाल्याच्या कटात सामील होणं, असं त्यांचं ठाम मत आहे. चार वाट्या बासुंदी, तीन वाट्या श्रीखंड, भाजीतलं पनीर वेचून. चारशे वीस रुपये वसूल. दुसऱ्या दिवशी डॉक्टर साडेतीनशे घेतात, गोळ्या दीडशेच्या होतात. पण ते औषधपाणी. थाळीच्या हिशेबात ते धरायचं नसतं.

डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीत त्यांना माघारी वसूलनाना म्हणतात. समोर अर्थातच नाना. ते चिक्कू आहेत असा काहींचा समज आहे, तो खोटा आहे. चिक्कू माणूस हॉटेलात जाईलच कशाला? नाना खर्च करतात, हौसेने करतात. फक्त आपण दिलेला रुपया समोरच्याच्या गल्ल्यात बसून आपल्याला हसतोय, ही कल्पना त्यांना सोसत नाही. चर्चगेटच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते तेव्हा त्रैमासिक पास काढला की रविवारीही दादरला चक्कर मारून यायचे. काम काही नसे. त्यांच्या पत्नी माई विचारायच्या, "अहो, आज कुठे?" तर म्हणायचे, "पास आहे ना!" मग दादरला उतरून चहा, परतीला धक्के, आणि घरी आल्यावर पाय चेपून घेणं.

एकदा सावित्रीबाई फुले नाट्यगृहात आम्ही दोन्ही कुटुंबं नाटकाला गेलो होतो. पहिल्या अंकातच कळलं की नाटक साफ पडलंय. मागच्या रांगेत एक गृहस्थ घोरत होते आणि त्यांचा सूर रंगमंचावरच्या नायकापेक्षा बरा लागत होता. मध्यंतरात माई हळूच म्हणाल्या, "उठूया का?"

"तिकीट तीनशेचं आहे."

"ते गेलेच की आता."

"गेले कुठे? अजून दोन अंक आहेत."

ते दोन अंक आम्ही सगळ्यांनी भोगले. पुढे माझ्या वाचनात आलं की अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी नेमका नानांवरच प्रयोग करून ठेवला आहे. तिथल्या नाट्यगृहात हंगामभराच्या नाटकांची तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना पूर्ण १५ डॉलर भरायला लावले, काहींना चिठ्ठी काढल्यागत सूट दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेली मंडळी जास्त नाटकांना आली. १९८५ साली त्यांनी हे छापलं. निष्कर्ष असा की गेलेला पैसा माणसाला पुढे ढकलत राहतो, खरं तर त्याने गप्प बसायला हवं. मी हे मोठ्या उमेदीने नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. पूर्ण पैसे भरून घरी बसायचं?"

नानांचा रुपया सगळीकडे एकाच वजनाचा नसतो, हेही एक आहे. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये वाचावेत म्हणून ते उन्हातान्हात पार दुसऱ्या टोकाच्या भाजीवालीकडे जातात. तेच नाना मुलासाठी फ्लॅट घ्यायला गेले तेव्हा बिल्डरच्या माणसाने सहज आवाजात "पार्किंगचे तीन लाख वेगळे" म्हटलं आणि यांनी तितक्याच सहज मान डोलावली. साठ लाखांपुढे तीन लाख म्हणजे काय! बाहेर येऊन रिक्षात बसले आणि उतरताना दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून रिक्षावाल्याशी दहा मिनिटं भांडले. काहनेमन आणि टव्हर्स्की यांनी १९८१ साली लोकांना असाच एक प्रश्न विचारला होता: ५ डॉलर वाचवायला वीस मिनिटं गाडी हाकत दुसऱ्या दुकानात जाल का? १५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरसाठी बहुतेक जण तयार झाले, १२५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरसाठी बहुतेक जण नाही म्हणाले. वाचणारे डॉलर दोन्हीकडे पाचच. नानांना हे सांगितलं तर ते एवढंच विचारतील की पेट्रोल कोणी भरलं.

आता नानांचं गोदरेजचं कपाट. त्यात वरच्या कप्प्यात पाकिटं आहेत: 'गणपती', 'दुखणंखुपणं', 'काशी'. त्यांच्या खाली एफडीच्या पावत्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने नाव. दोन वर्षांपूर्वी घराची डागडुजी निघाली. नाना बँकेत गेले आणि चौदा टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज मागू लागले. काउंटरवरच्या मुलीने खातं उघडून बघितलं आणि गोंधळली.

"काका, तुमची सहा लाखांची एफडी आहे की इथे. सात टक्क्यांची. ती मोडा ना. नाहीतर तिच्यावरच कर्ज घ्या, एखाद-दोन टक्केच जास्त पडेल."

"ती नाही मोडायची. ती लग्नाची आहे."

"कोणाच्या?"

"मुलीच्या."

"अरे वा! कधी आहे?"

"झालं. २००९ ला."

मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरसाहेब नानांच्याच वयाकडे झुकलेले निघाले; त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मुलीला सांगितलं, "लग्नाची एफडी आहे ती. कर्जाचा फॉर्म दे." पैशाला अशी नावं देऊन त्याला आपापल्या डब्यात कोंडण्याच्या या मानवी सवयीचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला त्या रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बक्षिसाच्या रकमेचं काय करणार, असं विचारल्यावर ती शक्य तितक्या अविवेकाने उडवायचा प्रयत्न करीन, असं ते म्हणाले होते. नानांना हा माणूस तेव्हापासून आवडत नाही.

नानांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, त्यांची पिढी दामदुपटीवर वाढली. १९८८ साली किसान विकास पत्र निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट व्हायचे. पीपीएफवर २००० सालाच्या जानेवारीपर्यंत चक्क बारा टक्के मिळत होते. ज्याने बारा टक्के चाखले त्याला सात टक्के ही सरकारने केलेली फसवणूक वाटते. महागाईही त्या काळी तशीच चढती होती, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. बारा टक्के गेले ते गेलेच, पण त्यांचीही वसुली कुठून तरी व्हायला हवी होती. आणि तशात २००८ उजाडलं.

त्या जानेवारीत एका वीज कंपनीचा आयपीओ आला. डोंबिवली लोकलमध्ये तेव्हा दुसरा विषय नव्हता. भजनी मंडळातसुद्धा दोन अभंगांच्या मध्ये 'फॉर्म भरलास का?' चालायचं. ज्यांनी जन्मात पोस्टाच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी डिमॅट खाती उघडली. नानांनीही उघडलं. अर्ज सत्तरपटीहून जास्त आले. भाव ४५०, आपल्यासारख्या किरकोळ मंडळींना २० रुपये सूट, म्हणजे ४३०. नानांच्या पदरात पंधरा शेअर पडले. एकूण ६,४५० रुपये. फॉर्मवर सही करताना त्यांनी माईंना सांगितलं की हजारावर जाणार. माई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या एवढंच म्हणाल्या, "बघा बुवा."

आयपीओ बंद झाला शुक्रवारी, आणि सोमवारी २१ जानेवारीला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला. ११ फेब्रुवारीला हा शेअर बाजारात आला. सकाळी पाचशेच्या वर उघडला. नाना टीव्हीसमोर बसून होते. पाचशेला विकायला ते काय खुळे होते? संध्याकाळी भाव ३७२ वर आला. नाना म्हणाले, "आपल्या भावात आला की काढून टाकू."

त्या वाक्याला आता सतरा वर्षं होऊन गेली. मधे कंपनीने पाचास तीन बोनस दिले. नानांना नऊ शेअर मिळाले, ते त्यांनी लगेच विकून घरच्यांना जेवू घातलं, कारण ते फुकटचे होते. मूळचे पंधरा मात्र घामाचे. २०२० च्या मार्चमध्ये तोच शेअर रुपया-सव्वा रुपयावर आला, म्हणजे पंधरा शेअर विकले असते तर स्टेशनबाहेर एक वडापाव आला असता, चटणीसकट. ते सांभाळणाऱ्या डिमॅट खात्याची फी वर्षाला चारशेच्या घरात. शेअर घ्यायला दिले त्याहून जास्त पैसे नानांनी ते शेअर ठेवायला दिले आहेत. एवढ्या लहान खात्याची फी माफ करून घेता येते. पण त्यासाठी जाऊन विचारावं लागलं असतं आणि खिडकीतल्या मुलाने खात्यात काय आहे ते बघितलं असतं. २०२४ मध्ये भाव चाळीसच्या वर गेला तेव्हा नाना जिन्यात मला अडवून म्हणाले, "बघितलंत? रुपयाचे चाळीस! मी म्हणत नव्हतो?" मी विचारलं, मग काढता का? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "चारशे तीसला घेतलाय हो."

याच नानांनी एका खासगी बँकेचा उत्तम शेअर दीडपट होताच विकला होता, नफा हातचा जाऊ नये म्हणून. तो नंतर कुठल्या कुठे गेला, त्याची त्यांना फारशी खंत नाही. तो तर नफ्यात सुटला. वाढणारं घाईने विकायचं आणि पडणारं उराशी धरायचं, या खोडीवर शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ सालीच लिहून ठेवलंय. पुढे टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका दलालाकडची दहा हजार खाती तपासली, तर गिऱ्हाइकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षात त्यांनी धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा चांगले चालले होते. विद्वान म्हणतात, तोट्याचं दुःख नफ्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. असेलही. माझ्या मते विद्वानांनी माई बघितलेल्या नाहीत. शेअर पडला तेव्हा नानांचा तोटा झालाच नाही. तो विकून घरी सांगितलं की होणार. माई काही बोलणार नाहीत, हे नानांना ठाऊक आहे. त्या तांदूळ निवडत राहतील. सहा हजार साडेचारशे रुपये नाना सोडूनही देतील, पण त्या 'बघा बुवा'ला ४३० च्या खाली उत्तर देणं त्यांच्या जिवावर येतं.

माईंचा कारभार निराळा. त्यांनी २००८ सालीच गुरुपुष्याला बांगड्या केल्या, सोनं तेव्हा तोळ्याला बारा-तेरा हजारांच्या घरात होतं. आता ते लाखाच्या वर गेलं की त्या पेपर घडी घालून नानांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवतात, भावाची चौकट वर येईल अशी. त्यात घडणावळ किती गेली, आटवताना तूट किती येईल, हे विचारायची नानांची छाती नाही. आणि विचारून उपयोग काय? माई बांगड्या विकणार नाहीत, नाना शेअर विकणार नाहीत. एकाचा तोटा कागदावर, दुसरीचा नफा कागदावर. घर सुखात आहे.

साडूच्या मुलाने गळ्यात मारलेली पॉलिसीही अशीच चालू आहे. घेतली भिडेखातर, कारण त्याच्या आईने थालीपीठ वाढून मग विषय काढला होता. पहिल्या दोन हप्त्यांनंतर ती किती कुचकामी आहे ते कळलं, आणि पुढचे अठरा हप्ते ते पहिले दोन वाया जाऊ नयेत म्हणून भरले जात आहेत.

गेल्या महिन्यात नानांनी मृत्युपत्र केलं. साक्षीदार म्हणून मला आणि तळमजल्यावरच्या देशपांड्यांना नेलं. वकील स्वच्छ माणूस, खणखणीत वाचत होते. फ्लॅट माईंना. लग्नाची एफडी नातीला, तिच्या लग्नासाठी, तोवर मोडू नये. शेअर, नग पंधरा, मुलाला.

"आणि ते ४३० च्या खाली विकू नयेत, असं लिहा," नाना म्हणाले.

वकिलांनी चष्मा काढला. "नाना, असली अट लिहून काही उपयोग नाही. उद्या तुमच्या मुलाने विकले तर कोण विचारणार आहे?"

"लिहा तर खरं."

"उगाच मजकूर वाढतो."

नानांनी समोरचे कागद उचलले, अंगठा जिभेला लावून एक एक मोजले आणि पुन्हा टेबलावर ठेवले.

"फी तुम्ही पाच पानांची सांगितलीत," ते म्हणाले. "हे चारच भरतायत."