शुद्धानंद पवईकर

पवईत शुद्धानंदांची वस्ती दाट आहे. वय पस्तीस ते पन्नास, मजला विसाच्या वरचा, नोकरी अशी की हुद्दा ऐकूनही काम कळू नये. शुक्रवारी-शनिवारी ते चारचौघांसारखे खातात-पितात. रविवारी दुपारी जाग आल्यावर त्यांना वैराग्य येते, आणि सोमवारी सकाळी सहाला वॉचमन इंटरकॉमवर सांगतो, ‘सर, तुमच्या बाटल्या आल्या.’ एक ते सहा आकडे घातलेल्या काचेच्या बाटल्या. पहिली हिरवीगार, मधल्या कुठल्याच रंगाला कबूल न होणाऱ्या, शेवटची कोळशाची, काळीकुट्ट. फिल्टरपाड्याहून येणाऱ्या भांडीवाल्या मावशींना ते समजावतात, ‘सात दिवस बॉडी साफ करतोय मावशी.’ घरात एवढी सफाई चालू असून भांडे मात्र एकही पडत नाही, याचे मावशींना कौतुक वाटते. शुद्धानंदांना हसणे सोपे आहे, पण ते मूर्ख नव्हेत. पुष्कळांनी शेजारच्या आयआयटीची प्रवेश परीक्षा दिलेली असते, काहींनी ती काढलेलीही असते. गृहकर्जाचा पाव टक्का वाचवायला तीन बँका पालथ्या घालणारा हा माणूस पोटापाशी आला की हिशेब का सोडतो, हा खरा प्रश्न आहे.

त्यांच्या बोलण्यात विष फार येते. गव्हात विष, दुधात विष, साखर तर साक्षात हलाहल. मात्र ‘सध्या तुमच्या अंगात नेमके कोणते आहे?’ असे विचारले की ते ‘टॉक्सिन्स’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. विषाशी ज्यांचा खरा सामना झाला त्यांची सुरुवात याच प्रश्नापासून होते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर उभे आयुष्य घातले. विष हृदयावर कसा घाला घालते, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून पाहिले आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन त्यावर लागू पडते हे दाखवून दिले. विष ठाऊक, त्याचे काम ठाऊक, म्हणून उतारा सापडला. डिटॉक्सच्या दुकानात उतारे ढीगभर असतात, विष मात्र बेपत्ता. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या काही तरुण शास्त्रज्ञांनी पंधरा डिटॉक्स उत्पादनांच्या विक्रेत्यांना विचारले, की तुम्ही डिटॉक्स कशाला म्हणता? दोघांचे उत्तर जुळेना. २०१५ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेणाऱ्यांनाही बाजारातल्या डिटॉक्स आहारांची बाजू घेणारी एकसुद्धा नीट, तुलनात्मक चाचणी सापडली नाही.

दरम्यान शुद्धानंदांच्या बरगडीखाली दीड किलोचे यकृत बसलेले असते. शनिवारची दारू, रविवारची डोकेदुखीची गोळी, दोन्हींचा निकाल ते बिनबोभाट लावते. दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्राव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत पाठवतात आणि दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात. ही यंत्रणा बिघडली तर डायलिसिस लागते, काकडीचा रस कामाला येत नाही. कोळशाचीही गंमत आहे. कुणी विष प्यायले तर रुग्णालयात तो वेळेवर देतात, कारण पोटातले पुष्कळसे पदार्थ तो धरून ठेवतो. पण तो निवड करत नाही. शुद्धानंद त्यासोबत रक्तदाबाची गोळी घेत असतील तर तिलाही तो धरतो. विष नसलेल्या पोटातून औषध तेवढे काढून टाकण्याचे काम मग ती सहावी बाटली चोख करते.

यावर शुद्धानंदांचा पहिला बिनतोड मुद्दा असा, की मला फरक जाणवतो. तो खोटा नाही. आठवड्यात दोन किलो वजन उतरते, डोके हलके होते, झोप लागते. पण यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर चार-पाचशे ग्रॅम असते आणि प्रत्येक ग्रॅममागे अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. उपाशी राहिले की साखर संपते आणि पाणी निघून जाते. पुढच्या शनिवारच्या पहिल्या बिर्याणीबरोबर दोन्ही घरी परततात. राहिला हलकेपणा. त्या सात दिवसांत दारू बंद, तळण बंद, मीठ कमी, रात्री दहाला अंथरुणात. श्रेय द्यायचेच तर जे घशाखाली गेले नाही त्याला द्यावे, पण न प्यायलेल्या पेगची बाटली कुणी घरपोच आणून देत नाही.

दुसरा मुद्दा परंपरेचा. हा निघाला की काल क्लेन्सवर बोलणारे शुद्धानंद आज चरकावर बोलतात. पूर्वी घरोघरी एरंडेल पाजत, एकादशी होती, पंचकर्म होते, याचा अर्थ पूर्वजांना हे ठाऊक होते. होते की. पण पंचकर्मात आधी रोग्याची प्रकृती पाहतात, स्नेहन-स्वेदन होते, विरेचनानंतर पेज-विलेपीने अग्नी हळूहळू वाढवतात. ते मानावे की न मानावे हा वेगळा वाद, पण सगळ्या सोसायटीला एकच सहा बाटल्या हा त्याचा विधी नव्हे. एकादशी तर देवासाठी होती. तिने यकृत धुतले जाते असे वारकऱ्याने कधी म्हटले नाही, आणि साबुदाण्याची खिचडी खाताना शेंगदाण्याच्या कुटाचा हिशेबही ठेवला नाही. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला तो गोरगरिबांसाठी: माती, पाणी, ऊन, साधे अन्न. त्यांच्या लेखी गावाची स्वच्छता हाही त्याच उपचाराचा भाग होता. शुद्धानंदांनी माती उचलली, तीही चेहऱ्यापुरती, आणि गाव सोडून दिला.

‘बरं, फायदा नसेल, पण तोटा तरी काय?’ हा तिसरा मुद्दा. तोटा आहे. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. नंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने बजावले, की रस कडू लागला तर पिऊ नका. शुद्धानंदांची अडचण अशी, की त्यांच्या शास्त्रात जितके कडू तितके गुणकारी. २०२० च्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळे प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती वेल गुळवेलच होती हे सिद्ध झालेले नाही, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेली असतात. आक्षेप मान्य केला तरी सोसायटीच्या कुंपणावरची वेल फोटोशी ताडून तोडणाऱ्याला त्यातून धीर मिळू नये.

मग हिशेबी माणूस हिशेब का सोडतो? कारण त्याची भीती खरी असते, पत्ता चुकलेला असतो. पवईत विष आहेच. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरचा धूर आणि बांधकामांची धूळ फुप्फुसात जाते, तिथून पालकाचा रस ती काढू शकत नाही. खिडकीतून दिसणारा तलाव १८९१ मध्ये मुंबईला पाणी पाजण्यासाठी बांधला, आणि ते पाणी लवकरच पिण्याला अयोग्य ठरले. आज त्यात वस्त्यांचे आणि इमारतींचे सांडपाणी येते, त्या खतावर जलपर्णी माजते, पालिका कंत्राट देऊन ती काढते आणि ती पुन्हा येते. तोंड उघडे ठेवून पोट धुण्याचा हा सरकारी प्रयोग शुद्धानंद रोज गॅलरीतून पाहतात, पालिकेला नावे ठेवतात आणि दुसरी बाटली उघडतात. नाले वळवणे, धुळीवर कायदा लावणे याला वर्षे लागतात, शेजाऱ्यांशी बोलावे लागते आणि शेवटी श्रेयही मिळत नाही. बाटल्यांना सात दिवस लागतात, त्या एकट्याला पिता येतात आणि फोटो चांगला येतो. सगळ्यांचे दुखणे खासगी ऑर्डरने मिटवण्याची सवय लागलेल्या वर्गाला याहून सोयीचे औषध कुठले? शुद्धानंदांनी बाटल्या खुशाल प्याव्यात, कडू लागल्या तर ओताव्यात. फक्त सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेबपत्रकावर सही करून सटकण्याआधी एवढेच विचारावे, की आपल्या इमारतीचे सांडपाणी नेमके कुठे जाते. उत्तर येईपर्यंत सभा लांबेल आणि समोसे गार होतील, पण विषाचा पत्ता विचारल्याची त्यांची ती पहिलीच वेळ असेल.