चित्राला विभक्ती नसते

ज्या कथेत शेवटी बुवा बाई निघतो किंवा बाई बुवा निघते, त्या कथेला चित्र जोडणं हा संपादनातला सर्वांत अवघड प्रश्न नसेल, पण सर्वांत चिडवणारा नक्की आहे. अडचण साधी आहे. चित्र आधी दिसतं, कथा नंतर वाचली जाते. लेखकाने वीस पानं जपलेलं गुपित चित्र एका नजरेत सांगून मोकळं होतं.

मराठीत हे गुपित जपणं मुळातच जड जातं, कारण मराठी क्रियापद चुगलखोर आहे. इंग्रजीत ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणारं पात्र तीनशे पानं हिंडलं तरी त्याचा थांग लागत नाही. मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं. सुटका आहे ती सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात. ‘मी मिसळ खाल्ली’ या वाक्यात जे स्त्रीलिंग आहे ते मिसळीचं; खाणाऱ्याचा पत्ता लागत नाही. तेव्हा नाशिकच्या गंगापूर रोडवर घडणाऱ्या अशा कथेतल्या पात्राने मिसळ खावी, दार उघडावं, कुलूप लावावं, पत्र लिहावं. पण अशोक स्तंभावरून सोमेश्वराकडे जाऊ नये, वाटेत जेहान सर्कलला थांबू नये, आणि झोपू तर मुळीच नये. मिसळीवर चहा घ्यावा, मात्र पिऊ नये. ‘प्यायलो’ की ‘प्यायले’ इथे भले भले लेखक सापडतात. विसरणंही चालत नाही, कारण विसरतो किंवा विसरते तेही क्रियापद सांगून टाकतं. पात्राचं नाव किरण किंवा सुहास असावं आणि सगळ्यांनी त्याच्याशी अहो-जाहोने बोलावं. ‘तू आलास’मध्ये घात आहे, ‘तुम्ही आलात’मध्ये नाही; गुपित राखण्यापुरता तरी शिष्टाचाराचा उपयोग होतो. भविष्यकाळ पूर्ण सुरक्षित. कथा कोल्हापूरकडे नेली तर आणखी सोय, कारण तिकडच्या पुष्कळ बायका ‘मी आलो’ असंच म्हणतात.

एवढ्या कसरतीनंतर चित्रकार येतो आणि त्या पात्राला मिशी काढतो. किंवा काढत नाही. तिसरा मार्ग त्याच्याकडे नसतो, कारण चित्राला ‘ने’ लावता येत नाही.

समजा, गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीने २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला छोटासा अंक काढायचं ठरवलं. दिवस कुसुमाग्रजांच्या जन्माचा आणि त्यांचं स्मारक त्याच रस्त्यावर, त्यामुळे उत्साहाला तोटा नाही. (‘कुसुमाग्रज’ हे नावही या विषयात बसण्याजोगं. पुढून वाचलं तर कुसुम, शेवटपर्यंत वाचलं तर तिचा थोरला भाऊ.) अंकात ‘वेषांतराच्या कथा’ असा लेख आहे आणि त्याला एक चित्र हवं आहे. समितीतला सर्वांत तरुण सभासद मोबाइलवर ‘जेंडर रिव्हील’ असं टाकतो. समोर येतात गुलाबी-निळे फुगे, गुलाबी-निळा धूर, आणि कापल्यावर आतून एकाच रंगाचा निघणारा केक. हा परदेशातला, जन्माआधीच बाळाचं लिंग जाहीर करण्याचा सोहळा. भारतात १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे तो केक कापायच्या आधी वकील गाठावा लागेल. फुगे बाद होतात.

मग कोणी अर्धनारीनटेश्वर सुचवतं. चित्र सुंदर असतं, पण विषयाला धरून नसतं. तिथे काही उघडकीला येत नाही; दोन्ही अर्धे पहिल्यापासून समोर उभे असतात. त्यानंतरची सूचना हमखास टोपाची. हातात केसांचा टोप, ओठावर लोंबणारी अर्धी मिशी, बाजूला तोंडावर हात ठेवलेली मंडळी. हे चित्र चुकीचं म्हणता येत नाही. फक्त ते वाचकाला शेवटचं पान आधी वाचायला देतं, आणि वर विचारतं, ‘आवडलं ना?’

वेषांतराच्या बहुतेक लोकप्रिय मराठी उदाहरणांना मात्र हा धोकाच नसतो, कारण त्यांत प्रेक्षक फसत नाही. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’मध्ये मावशी कोण आहे हे रंगमंचावर फसणाऱ्यांखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं. १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’त लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साड्या नेसतात ते प्रेक्षकांच्या साक्षीने. अशा कृतीचं कुठलंही चित्र बिनधास्त छापावं. प्रश्न उरतो तो ज्यांत वाचकालाही अंधारात ठेवलं आहे त्यांचा. तिथे झाकणारी वस्तू उपयोगी पडते. १९८६मध्ये निन्टेंडोने ‘मेट्रॉइड’ हा व्हिडिओ गेम काढला. त्यातला चिलखती योद्धा सॅमस खेळ पुरेशा वेगाने संपवल्यास शिरस्त्राण काढतो, आणि आत बाई असते. माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख बेधडक पुल्लिंगी होता. चित्रात नुसतं चिलखत होतं, म्हणून चित्र खोटं बोललं नाही. खोटं बोलली ती पुस्तिका. महाभारताने ही युक्ती फार आधी शोधलेली आहे. विराटाच्या घरची बृहन्नडा ही अर्जुन आहे हे उत्तराला कळतं ते शमीच्या झाडाजवळ. कथा न फोडता तिचं चित्र काढायचं तर झाड काढावं आणि फांदीवर शस्त्रांचं गाठोडं. मात्र समितीतल्या कोणालातरी ते दसऱ्याच्या अंकाचं चित्र वाटणार, याची तयारी ठेवावी.

उरलेली सगळी चर्चा नाशिकच्याच एका माणसापाशी येऊन थांबते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. कुठलीच बाई पडद्यावर यायला तयार नव्हती. अखेर ग्रँट रोडवरच्या एका खानावळीतले अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये ते रामही झाले आणि सीताही, म्हणजे एकाच माणसाने स्वतःचा विरह सोसला. त्या काळच्या प्रेक्षकाला यात उघडकीला येण्यासारखं काही नव्हतं. नाटकातली बहुतेक प्रत्येक बाई आतून बुवाच असायची.

या सवयीचा चतुर उपयोग बेन जॉन्सनने इंग्लंडात १६०९ साली केला होता. त्याच्या ‘एपिसीन’ नाटकात गोंगाटाला वैतागलेला म्हातारा एका मितभाषी मुलीशी लग्न करतो. लग्न लागताच तिला वाचा फुटते, आणि शेवटी टोप उतरवला की ती मुलगा निघते. त्या रंगभूमीवर सगळ्याच नायिका मुलगे करत असल्यामुळे प्रेक्षकाला संशय घ्यायला जागाच नव्हती. गुपित उघड्यावर ठेवलेलं असलं की कोणी उचलून पाहत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’नंतरचा फाळक्यांचा चित्रपट याहून मजेदार. मुक्काम नाशिकला हलवून त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची जेमतेम तेरा वर्षांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. भारतीय पडद्यावर आलेल्या या पहिल्या स्त्रिया. आता हिशोब मांडून पाहावा. तारामती ही अस्सल बाई. ती केली बुवाने. मोहिनी म्हणजे बाईच्या रूपातले विष्णू, ती केली अस्सल बाईने. भस्मासुराला खरी गोष्ट कळेपर्यंत तो स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता, त्यामुळे त्याचं मत नोंदवलं गेलेलं नाही.

तेव्हा समितीने तारामतीच्या वेषातल्या साळुंक्यांचं छायाचित्र निवडावं. ते कुठलीच कथा फोडत नाही आणि पहिल्या नजरेला एका राणीचं चित्र दिसतं. अडचण राहते चित्राखालच्या ओळीची. ‘तारामती’ एवढंच छापलं तर खरं सांगायचं राहून जातं, आणि ‘अण्णा साळुंके’ छापलं तर झालं वाटोळं. तोडगा कोड्यांच्या सदरातून घ्यावा: नाव शेवटच्या पानावर, तळाशी, उलट्या अक्षरांत द्यावं. छापखान्यात ती उलटी ओळ पाहून कोणीतरी ती चूक समजेल, सरळ करील आणि आठवणीने चित्राखाली आणून ठेवील. कोण, ते ‘ठेवील’वरून कळणार नाही.