घरचा पेपर, घरचीच विद्वत्ता

२०२१च्या जूनमध्ये छत्तीसगड बोर्डाने कोरोनाकाळातल्या बारावीच्या परीक्षेचा पेच फार सरळ सोडवला. रायपूरच्या मुलांनी केंद्रावरून प्रश्नपत्रिका आणि कोऱ्या उत्तरपत्रिका घरी न्यायच्या, निवांत लिहायच्या आणि पाच दिवसांत परत आणून द्यायच्या. भरारी पथकांना सक्तीची रजा मिळाली आणि चिठ्ठी बाहीत लपवण्याची पिढीजात कला एका फटक्यात निरुपयोगी ठरली. निकाल ९७.४३ टक्के लागला. उरलेल्यांविषयी मात्र मनापासून आदर वाटतो. पुस्तकाच्या सान्निध्यातही त्यांनी आपले मत बदलले नाही.

तिकडे सीबीएसई आणि महाराष्ट्र बोर्डाने परीक्षाच रद्द करून गणित मांडले: दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४०. ‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष’ असे दिवाळीत येऊन सांगणारे तमाम काका एका परिपत्रकाने तोंडघशी पडले. सीबीएसईने तर शाळांना आपल्याच मागच्या तीन वर्षांतल्या सर्वोत्तम निकालाच्या चौकटीत राहायला सांगितले. म्हणजे अभ्यास तुझा, पण गुणांची मर्यादा दादाच्या बॅचने आखलेली! महाराष्ट्राचा निकाल लागला ९९.६३ टक्के, घरी पुस्तक उघडून लिहिणाऱ्यांपेक्षा काहीच न लिहिणारे सरस ठरले.

२०२२ मध्ये छत्तीसगडची परीक्षा पुन्हा वर्गात झाली आणि निकाल ७९.३० टक्क्यांवर आला. मुले हुशार होतीच. येताना फक्त विद्वत्ता घरी विसरली.