विचार आणि थांब

"कोकम, अरे एक विचारायचं होतं."

फोनवर शांतता.

"म्हणजे, जरा वेळ आहे का तुला?"

"हा दुसराच प्रश्न झाला. पहिला कुठाय?"

असा एकजण तुमच्याही गोतावळ्यात असणारच. मुलीचं लग्न लागत असताना मांडवाच्या खांबाला टेकून काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचणारा. लॅपटॉपवरच्या खिडकीच्या चिन्हावर पेंग्विनचं चित्र डकवणारा. व्हॉट्सॲप नसल्यामुळे नात्यातल्या बारशांची बातमी ज्याला बाळ रांगायला लागल्यावर कळते तो. आमच्याकडे त्याचं नाव कोकम. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त आधार कार्डावर उरलंय. आयआरसीवर टोपणनाव घ्यावं लागतं आणि 1993च्या नियमांनुसार ते नऊ अक्षरांत बसवायचं होतं. ते ठरवत होता तेव्हा हा सरबत पीत होता, एवढीच त्यामागची कथा.

आयआरसी म्हणजे इंटरनेटवरच्या गप्पांचा जुना कट्टा. फोटो नाहीत, हसरे चेहरे नाहीत, निळ्या खुणा नाहीत. नुसत्या ओळी. तुम्ही चॅनेलवर असाल तेव्हा जे बोललं जाईल ते तुमचं. नसताना बोललेलं वाऱ्यावर. म्हणून तिथल्या मुरलेल्या लोकांचा एक शिष्टाचार आहे. विचारू का, असं विचारायचं नाही. सरळ प्रश्न टाकायचा. आणि मग बसून राहायचं. कारण ज्याला उत्तर माहीत आहे तो कदाचित ब्राझीलमध्ये झोपला असेल. तो उठेल, चहाबिहा घेईल, मागचं वाचेल आणि सांगेल. "लोक काय करतात," कोकम सांगतो, "विचारतात आणि पाच मिनिटांत उठून जातात. उत्तर येतं, घ्यायला माणूस नाही." हे सांगताना त्याचा चेहरा असा होतो की जणू ताट वाढलं आणि पाहुणा पायात चप्पल घालून निघाला.

विचार आणि थांब. एवढं एक सूत्र त्याने घेतलं आणि सगळ्या आयुष्याला लावलं.

डोंबिवली स्टेशनजवळच्या उडप्याकडे आम्ही बसलो होतो. कोकमने एकदाच सांगितलं, "एक मसाला डोसा." वेटर मान हलवून गेला. माझी इडली आली, संपली, बिल आलं. शेजारच्या टेबलावर तीन कुटुंबं येऊन गेली. मी हात वर केला तर कोकमने तो खाली ओढला. "त्याने ऐकलंय. पुन्हा सांगितलं की त्याला वाटतं दोन डोसे." पन्नास मिनिटं. शेवटी मालक स्वतः उठून आला, त्याला वाटलं हा माणूस महापालिकेचा आहे.

मुलगी बघायला गेला तेव्हाची गोष्ट तर आमच्या वर्गात पाठ आहे. कांदेपोहे झाले, दोघांना गच्चीवर सोडलं. ती म्हणाली, "एक विचारू का?" हा म्हणाला, "विचारू का विचारू नका. विचारा." तिने पगार विचारला. याने सांगितला, आणि मग आपला प्रश्न टाकला: "तुम्हाला मी पसंत आहे का?" ती लाजली, काही बोलली नाही. हा घरी आला आणि थांबला. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. याच्या आईने फोन हातात घेतला की हा काढून घ्यायचा, "मी विचारलंय तिला." तिकडच्यांनी मुलाला पसंत नसणार म्हणून दुसरं स्थळ बघायला घेतलं. बाराव्या दिवशी ती स्वतः लोकलने आली आणि दारात म्हणाली, "हो. आणि तुम्ही जरा विचित्र आहात." वहिनी अजूनही सांगतात, बाराव्या दिवशी त्यांना मंडईत यायचंच होतं.

मी आणि कोकम शाळेपासूनचे. तो आणि आमचा तिसरा भिडू वेताळ इंजिनिअरिंगला गेले, मी कला शाखेत. 15 ऑगस्ट 1995ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यानंतर कधीतरी हे दोघे मोडेमच्या त्या किंकाळ्यांतून तिकडे गेले आणि परत आलेच नाहीत. जन्मभर दोघांचं दैवत एकच, फिनलंड. ऑगस्ट 1988मध्ये तिथल्या ओउलू नावाच्या गावच्या विद्यापीठात यार्को ओइकारिनेन नावाच्या माणसाने आयआरसी लिहिलं. ऑगस्ट 1991मध्ये हेलसिंकीत लिनस टोर्वाल्ड्सने लिनक्सची वर्दी दिली. 1999मध्ये पुन्हा एका फिनिश माणसानेच इर्सी हे आयआरसीचं सॉफ्टवेअर लिहिलं, जे कोकम आजतागायत वापरतो. (ओउलू हे गावाचं नाव आहे हे कळेपर्यंत तो मला उल्लू म्हणतोय असंच मी समजत होतो.) कोकमची यावर उपपत्ती अशी, की फिनिश माणूस मुळात बोलत नाही, म्हणूनच सोबत बसून गप्प राहायची सोय त्यालाच सुचू शकते. अमेरिकन माणसाने केलं असतं तर पहिल्या दिवशी त्यात वाढदिवसाचे फुगे आले असते.

इतकी वर्षं मी या सगळ्यापासून लांब होतो. मग 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा पाठिंबा संपला आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला विंडोज 11 घ्यायला तयार होईना. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. कोकम म्हणाला, "आण इकडे." रविवारी त्याने त्यावर डेबियन चढवलं. 13वी आवृत्ती, नाव ट्रिक्सी. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटांतल्या पात्रांची नावं देतात, हे ऐकून मला पहिल्यांदाच त्या लोकांबद्दल बरं वाटलं. लॅपटॉप पळायला लागला. खोटं कशाला बोलू, चार वर्षांत पळाला नव्हता इतका पळायला लागला.

पण मी पडलो मराठी लेखक. लग्नातल्या आचाऱ्यांवर एक लेख लिहीत होतो. इन्स्क्रिप्ट कळफलक तसा हाताला होता, फक्त ती चंद्रकोरीसारखी अर्धी 'ऱ' काही केल्या उमटेना. जुन्या मशीनवर ती कशी यायची हे बोटांना माहीत होतं, मला नाही. त्यामुळे लेखभर आचार्यांनी जिलब्या तळल्या, आचार्यांनी मठ्ठा ढवळला आणि एका परिच्छेदात आचार्य उधारीवरून मुलीच्या बापाशी भांडले. संपादकांचा फोन आला. "हे आचार्य नक्की कोण? अत्रे की विनोबा?"

मी कोकमला फोन लावला. "फोनवर नाही," तो म्हणाला. "चॅनेलवर ये."

"मला काय येतंय चॅनेलवर यायला?"

"लिहून घे."

मी बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं, ते अजून जपून ठेवलंय. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल इर्सी.' (मी सुडोकू लिहिलं, मग कू खोडला.) 'मग नुसतं इर्सी. मग स्लॅश कनेक्ट. मग स्लॅश जॉइन हॅश डेबियन.' तिरक्या रेघेने सुरू झालेलं सगळं यंत्रासाठी आणि बाकीचं माणसांसाठी, एवढा एक नियम त्याने तीनदा सांगितला. रेघ विसरलात तर हुकूम हुकूम राहत नाही, चारचौघांत बोलणं होतं. पुन्हा वर ताकीद: "आधी जगात विचार. माझ्याकडे शेवटी यायचं."

2006पासून डेबियनवाल्यांचं मुख्य बिऱ्हाड ओएफटीसी नावाच्या जाळ्यावर आहे. तिथे पोहोचलो. पडद्यावर नावांची रांगच्या रांग. एवढी माणसं आणि एकही बोलत नाही. आमच्या सोसायटीच्या सभेपेक्षा भयंकर शांतता. मी घसा खाकरून इंग्रजीत लिहिलं, की सभ्य गृहस्थहो, मी एक प्रश्न विचारू शकतो का? तत्क्षणी कुणीतरी तिथल्या यांत्रिक मदतनिसाला डिवचलं आणि त्याने मला कोकमचंच प्रवचन ऐकवलं: विचारू का विचारू नका, विचारा. म्हणजे हा रोग एकट्या डोंबिवलीत नव्हता.

मी प्रश्न टाकला. उदाहरण दाखवायला कळफलक मराठी केला, 'आचार्य' लिहून दाखवलं. मग पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी काही बोलेना. मला ओशाळल्यासारखं झालं. निघावं म्हटलं. बाहेर पडायचा हुकूम सोपा, स्लॅश क्विट. तो मी व्यवस्थित दाबला आणि एंटर मारला.

कळफलक मराठीच होता.

इन्स्क्रिप्टमध्ये स्लॅशच्या जागी 'य' आहे. क्यूला औकाराची मात्रा, यूला 'ह', आयला 'ग', टीला दीर्घ ऊकार. ज्यांना रस असेल त्यांनी जोडून बघावं. जगभरच्या त्या विद्वान सभेपुढे माझ्या नावाने ठळकपणे झळकलं: 'यौहगू'.

परदेशी मंडळींना काहीच कळलं नसणार. पण थोड्या वेळाने त्या लांबलचक रांगेतल्या कुठल्याशा अनोळखी नावाने रोमन लिपीत तीन शब्द टाकले.

'जा की मग.'

मी लॅपटॉपचं झाकणच मिटवलं. तो कोण हे मला आजवर कळलेलं नाही. कोकम आपण नव्हतो म्हणून शपथ घेतो, पण शपथ घेताना हसतो.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. त्याने स्वतःहून केलेला तो बहुधा दशकातला पहिला. "तू गेल्यावर चार तासांनी एकाने उत्तर दिलं. व्यवस्थित दिलं. तू नव्हतास."

"मग सांग ना काय ते."

"कट्ट्यावर ये."

कट्टा म्हणजे या लोकांचं स्वतःचं चॅनेल. एके काळी तिथे चाळीसेक जण असायचे, रात्रभर भांडणं चालायची. कधी मधल्या दोन सर्व्हरांचा दुवा तुटायचा आणि अर्धे लोक एका झटक्यात गेलेले दिसायचे. गंमत अशी, की पलीकडच्यांनाही वाटायचं, हेच उठून गेले. दुवा जुळला की सगळे परत, आणि भांडण मागील पानावरून पुढे चालू. मग एकेकाला नोकऱ्या, कर्जं, मुलं आणि व्हॉट्सॲप मिळालं. मे 2021मध्ये फ्रीनोड या मोठ्या जाळ्यावरचे कर्ते लोक मालकीच्या वादातून बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा उभं केलं, तेव्हा सगळ्या जगाने बिऱ्हाड हलवलं. ते ऐकून कोकमने आपल्या कट्ट्याला विचारलं, की आपण कुठल्याच वादात नाही, तर आहोत तिथेच राहायचं ना? कुणी उत्तर दिलं नाही. म्हणून राहिले.

मी गेलो तेव्हा रांगेत तीन नावं होती. कोकम, मी आणि वेताळ.

उत्तर मिळालं: शिफ्टसकट जे, मग डी, मग स्लॅश. तीन बोटांचं काम. आचारी माणसांत आले. पण माझं लक्ष त्या तिसऱ्या नावावर. वेताळ तर न्यू जर्सीला असतो. रोज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकतो. तो इथे काय करतोय?

ते कोकमच्या घरी गेल्यावर कळलं. माळ्यावर, पुरणयंत्र आणि गणपतीचं मखर यांच्या मधे, एक जुनं मशीन घरघरत असतं. त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर आहे. वहिनी म्हणाल्या, "फ्रिज बंद पडला तरी चालतो, ते नाही." 2019च्या दिवाळीत वेताळ आला होता, तेव्हा त्याने त्या मशीनवर आपल्या खात्यातून इर्सी चालू केलं, दोघांनी रात्रभर कट्ट्यावर शेजारी शेजारी बसून एकमेकांना टाइप करून शिव्या दिल्या. तो परत गेला, पण जाताना क्विट करायला विसरला. तेव्हापासून त्याचं नाव तिथे बसून आहे. मशीन बंद केलं तर ते जाईल. मालक कोकमच, त्याला वेताळाच्या खात्यातून पुन्हा चालू करणं सहज जमेल. "ते मी केल्यासारखं होईल ना," तो म्हणाला.

मग त्याने मला वर सरकवून दाखवलं. वेताळ विमानात बसला त्याच्या दुसऱ्या दिवशीची ओळ. 'पोहोचलास का?'

खाली काही नाही. गोष्टीत वेताळ विचारतो आणि विक्रमाला बोलावंच लागतं; इथे उलटं चाललं होतं.

"अरे, पोहोचला तो!" मी म्हणालो. "त्याच दिवशी ग्रुपवर टाकलं होतं त्याने. विमानतळावरचा फोटोसुद्धा."

"माहितीये. वहिनीच्या फोनवर बघितला."

वहिनी म्हणजे माझी बायको.

"मग?"

"मग काय. मी त्याला विचारलंय."

घरी येऊन मी न्यू जर्सीला मेसेज केला, की अरे, कट्ट्यावर कोकमने तुला काहीतरी विचारलंय. दोन मिनिटांत उत्तर, आधी तीन हसरे चेहरे. 'ते अजून चालू आहे? धन्य आहे. सांग त्याला, पोहोचलो.' आणि नमस्काराचे हात.

हे मी कोकमला सांगितलेलं नाही. कसं सांगणार? ते तिकडून यायला हवं.

हल्ली रात्री मी लॅपटॉपचं झाकण मिटत नाही, चार्जर लावून ठेवतो. परवा सकाळी नऊला बघितलं तर कट्ट्यावर पाच चाळीसची एक ओळ होती. कोकम: 'चहा?' मी लिहिलं, 'हो.' त्याचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. पावणेएकला दाराची बेल वाजली. आमचा वरणभाताचा कुकर लागला होता.

"हो म्हणालास ना?" कोकम म्हणाला.

मी कुकर उतरवला आणि आधण ठेवलं. तो ओट्याला टेकून उभा राहिला. किती वेळ लागेल, असं काही त्याने विचारलं नाही.