आमचे साडू बिल्डर आहेत

आमचे साडू बिल्डर आहेत. हे वाक्य मी लग्नकार्यात मुद्दाम टाकतो आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. पुण्यात या शब्दाला जो मान आहे तो कुलगुरूंनाही नाही. समोरचा खुर्ची जवळ ओढतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "सध्या काम कुठे चाललंय?" मी म्हणतो, "कोथरूडला. त्यांच्या बाल्कनीत." मग सांगावंच लागतं की साडू सायकली बिल्ड करतात. खुर्ची मूळ जागी जाते.

'बिल्ड' हा शब्द त्यांचाच. सायकल 'घेतली' असं म्हटलेलं त्यांना चालत नाही. दुकानातून तयार सायकल आणणं आणि एकेक भाग जमवून ती उभी करणं यात, त्यांच्या मते, श्रीखंडाचा डबा आणणं आणि रात्रभर चक्का टांगणं एवढं अंतर आहे. तुलना मला पटते, कारण त्यांचा चक्काही टांगलेलाच असतो. गेल्या वर्षी चार महिने बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला एक निळी फ्रेम लटकत होती. चाकं नाहीत, हँडल नाही, चेन नाही. एका बाजूला ताईंची, म्हणजे साडूंच्या बायकोची, साडी, दुसऱ्या बाजूला पंचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला साडू ती दाखवायचे आणि म्हणायचे, "झालीच आहे जवळजवळ."

फ्रेम स्टीलची होती. कार्बनची घरात आधीच एक आहे, पण साडूंचं मन आता पोलादावर गेलंय. १९३५ साली इंग्लंडात रेनॉल्ड्स कंपनीने ५३१ नावाची नळी काढली, टोकांना जाड आणि मधे पातळ, म्हणजे जोड भक्कम आणि वजन कमी, ही हकिकत मी त्यांच्याकडून दोन बारशी आणि एका तेराव्याला ऐकली आहे. सांगताना ते फ्रेमवर टिचकी मारतात आणि आपल्यालाही कान लावायला लावतात. माठ घेताना आपण वाजवून बघतो तसं. मी दरवेळी "वा" म्हणतो. नाद मला कळत नाही, पण साडूंशी संबंध टिकवायचे आहेत.

सुटे भाग दहा दिशांनी येतात. काही बंगळुरूच्या कुठल्या हौशी माणसाने वापरून सोडलेले, काही तैवानचे, काही अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून. पूर्वी अमेरिकेची माणसं चॉकलेटं आणि बदाम आणत. साडूंच्या भाचीने गेल्या डिसेंबरात मागच्या चाकाची कॅसेट आणली, मोठ्या चकतीला ४२ दाते असलेली. विमानतळावर बॅग उघडून तिला विचारलं, हे काय आहे? तिने खरं उत्तर दिलं, "मामाचे दात." पुढे फारशी विचारपूस झाली नाही म्हणे.

आलेला प्रत्येक भाग आधी काट्यावर चढतो. हा काटा ताईंनी केकसाठी घेतला होता. त्यावर आजवर एकही केक चढलेला नाही. स्क्रूसुद्धा मोजले जातात आणि वहीत लिहिले जातात. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे, म्हणून साडूंची कार्बनची सायकल त्या आकड्याच्या दिशेने सतत झुरत असते. एकदा बाटली ठेवायचा पिंजरा बदलून त्यांनी २० ग्रॅम वाचवले आणि घरात पेढे आणले. ताई फार बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "बाटली रिकामी नेलीत तर पाऊण किलो वाचेल." स्वतः साडू मात्र काट्यावर उभे राहत नाहीत. तो काटा ५ किलोपर्यंतचाच आहे, हे त्यांचं कारण तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे.

स्वयंपाकघरात त्यांचा वावर काट्यापुरता नाही. चेनला तेल लावणं आता मागासलेपणाचं झालंय. तेलाला धूळ चिकटते आणि धुळीने दाते झिजतात. म्हणून चेन काढायची, पेट्रोलमध्ये बुडवून तिचं मूळचं ग्रीस उतरवायचं आणि मग ती वितळलेल्या मेणात सोडायची. आमच्या घरची मंडळी एकदा दिवाळीच्या आधी ताईंना मदत करायला म्हणून गेली, तर शेगडीवर पातेलं, पातेल्यात काहीतरी खदखदतंय आणि साडू हातात झारा घेऊन उभे. "चकली?" हिने विचारलं. साडूंनी झाऱ्याने एक काळपट वेटोळं वर काढलं, निथळू दिलं आणि म्हणाले, "नाही, ११६ कड्या." ते पातेलं नंतर ताईंनी देऊन टाकलं. साडूंनी ते परत विकत घेतलं.

हँडलला टेप गुंडाळणं हा एक स्वतंत्र सोहळा असतो. त्या वेळी घरात कोणी बोलायचं नाही. फेटा बांधणाऱ्यासारखे ते टेप ताणून धरतात, एकेक पदर अर्धा झाकत वर नेतात आणि ब्रेकच्या खोबणीपाशी आले की श्वास रोखतात. दुसऱ्या बाजूचा एक पदर कमी भरला की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. या कामात मी त्यांना जितकं सुखी पाहिलंय तितकं सिंहगडाच्या माथ्यावर दही खातानाही पाहिलेलं नाही.

निळी फ्रेम ही ग्रॅव्हल बाइक होणार होती. ही बातमी सासऱ्यांच्या कानावर गेली तो रविवार मला आठवतो. सासरे पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले.

"ग्रॅव्हल म्हणजे?"

"म्हणजे खडीच्या रस्त्यावर चालवायची सायकल, अण्णा."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "जावईबापू, आम्ही ३४ वर्षं खडी झाकण्यात घालवली. तुम्ही ती शोधत जाणार?"

साडूंनी समजावलं की अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे, तिथे २००६ पासून २०० मैलांची शर्यत असते, सगळी खडीवरून, आणि माणसं पैसे भरून जातात. सासरे म्हणाले, "डांबर मिळत नाही का तिकडे?" मग त्यांच्यातला ओव्हरसिअर जागा झाला. "टायर केवढं?"

"चाळीस मिलिमीटर."

"आणि खडी?"

साडू गप्प. एवढे सुटे भाग मोजणाऱ्या माणसाने खडी मोजली नव्हती. "चाळीसची आहे, वीसची आहे की बाराची? वर मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवलाय, की नुसतीच ओतून ठेकेदार पळालाय? चाळीसच्या सुट्या खडीवर तुमचं चाळीसचं टायर म्हणजे बरोबरीची कुस्ती." साडूंनी वही काढली आणि लिहून घेतलं. वीस वर्षांत सासरे आणि थोरले जावई यांच्यात पहिल्यांदाच संभाषण झालं. पुढच्याच रविवारी दोघं गाडीने पानशेतच्या बाजूला रस्ते बघायला गेले. सासरे प्रत्येक कच्च्या फाट्याला उतरायचे, काठीने टोचायचे आणि निकाल द्यायचे. एका फार सुरेख रस्त्यावर ते थोडे गंभीर झाले. "मार्चच्या आत येऊन जा," म्हणाले. "बजेट संपवायला यावर डांबर टाकतील."

साडू सायकल चालवत नाहीत असा कोणाचा समज होत असेल तर तो चुकीचा आहे. चालवतात. पहाटे साडेचारला उठून, बिनबाह्यांचं काहीतरी आणि मागे गादी शिवलेली ती घट्ट चड्डी घालून, लिफ्टमध्ये टाळ वाजल्यासारखे बूट वाजवत ते खाली उतरतात. हे बूट पेडलमध्ये अडकतात आणि टाच बाहेर वळवली तरच सुटतात. पहिल्या आठवड्यात कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला ते थांबले, टाच वळवायची राहिली आणि कोणीही धक्का न देता तोडलेल्या झाडासारखे सावकाश डावीकडे आडवे झाले. एक आजोबा धावत आले. "चक्कर आली का? साखर खा जरा." साडूंनी खाल्ली. खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

शिवाय बीआरएम असते. बीआरएम हे फ्रेंच नावाचं एक व्रत आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. वेळेत पोचलात की पॅरिसच्या एका क्लबात तुमच्या नावाची नोंद होते. चारही एका हंगामात केलीत की 'सुपर रँडोनर' ही पदवी मिळते, जी घरात उच्चारता येत नाही. याच्याही वर पॅरिस ते ब्रेस्ट ते पॅरिस, १८९१ पासून चालत आलेली, आता चार वर्षांतून एकदा होणारी, १२०० किलोमीटर ९० तासांत. साडूंना २०२७ला जायचंय. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांचा संघ करून अमेरिका आडवी पार केली, हे उदाहरण त्यांनी ताईंपुढे ठेवलं. ताई म्हणाल्या, "ते दोघंही डॉक्टर आहेत. पडले तर एकमेकांना बघतील. तुम्हाला कोण बघणार?"

व्रतात वाटेवर ठरलेल्या ठिकाणी पोचल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे मध्यरात्री हायवेवर शिक्का मारायला कोण बसणार? मग पेट्रोल पंपाची पावती किंवा एटीएमची चिठ्ठी चालते. साडूंनी सातारच्या वाटेवर पहाटे तीन वाजता शंभर रुपये काढले आणि चिठ्ठी जपून आणली. ती ताईंनी धुण्याच्या वेळी खिशातून काढली. तारीख, वेळ, ठिकाण सगळं बरोबर होतं. खाली शिल्लक रक्कमही होती. निळ्या फ्रेमची खरी किंमत घरात तेव्हा कळली. पॅरिसने ती चिठ्ठी मान्य केली, ताईंनी केली नाही.

त्यानंतर कार्बनच्या सायकलीला आवाज सुरू झाला. कट्. उजवा पाय खाली गेला की एकदा कट्. साडूंची झोप उडाली. त्यांनी पेडल काढले, क्रँक काढला, बॉटम ब्रॅकेट दाबून काढून नवं बसवलं, चाकं बदलून पाहिली. तीन आठवडे आणि बरेच हजार रुपये गेल्यावर मी त्यांना आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या मामांकडे नेलं. मामांचं दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक पंप आणि छर्रे ठेवलेली खोबरेल तेलाची डबी. साडू चाकाच्या तारांचा ताण मोबाइलवर आवाजाची कंप्रता मोजून ठरवतात. मामा चाक फिरवतात, अंगठ्याने तारा छेडत जातात आणि बेसूर तार आली की थांबतात. बत्तीस तारांच्या चाकाचा आउट त्यांनी चहा गार व्हायच्या आत काढलेला मी पाहिलाय.

मामांनी सायकल एका हाताने उचलली, "ही अर्धी कुठे राहिली?" असं विचारलं, पायजमा खोचला आणि गल्लीत एक चक्कर मारली. उतरल्यावर सीटखालच्या बोल्टवर तेलाचा एक थेंब टाकून स्क्रू आवळला. "जा." आवाज गेला. "दहा रुपये," मामा म्हणाले. साडूंचा चेहरा उतरला. एवढा महागाचा आवाज दहा रुपयांत गेला, हे त्यांना लागलं.

या सगळ्यात सांगायचं राहिलं की घरात चार सायकली असूनही कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला साडू अॅक्टिव्हा काढतात. त्यांचं म्हणणं ऐकून घ्या. चारही सायकलींना स्टँड नाही, कारण वजन. कुलूप नाही, कारण वजन. कॅरिअरचं नावही काढायचं नाही. पेडल बुटांशिवाय धरत नाहीत आणि त्या बुटांत भाजीवालीसमोर उभं राहिलं की माणूस घसरतो. शिवाय चाळीस पावलांवर जाऊन आल्याची नोंद काय करायची?

ही चाळीस पावलांची अडचण त्यांच्या वडिलांच्या सायकलीने सोडवली. काळी, अठ्ठावीस इंची, मडगार्ड, डायनामो, घंटी आणि पाठीमागे दोन गोण्या सहज बसतील असं कॅरिअर. गच्चीच्या खोलीतून ती भंगारात द्यायची ठरली. भंगारवाल्याने काट्याला लटकवली तेव्हा आकडा २२ किलो आला. साडू त्या आकड्याकडे बघत राहिले, इतक्या आदराने की भंगारवाल्याला वाटलं भाव पटला. "परत द्या," साडू म्हणाले. मामांकडे ओव्हरऑइलिंग झालं, नवी वालट्यूब पडली, कुत्री बदलली. काहीही काढून टाकायचं नाही, अशी मामांना ताकीद होती. ती कोणासाठी होती हे मामांना कळलं नाही.

परवाच्या रविवारी आम्ही दोन्ही कुटुंबं ताईंकडे जमलो होतो. पोहे झाले होते, वर घालायला कोथिंबीर नव्हती. साडू उठले, पायजम्यातच, आणि अॅक्टिव्हाची किल्ली खुंटीवरच राहिली. खालून घंटी ऐकू आली. ताईंनी माझ्याकडे बघितलं. "बघितलंत? शेवटी उपयोग झाला एका सायकलचा."

पोहे आम्ही कोथिंबिरीशिवाय खाल्ले. चहा झाला, दुसरा चहा झाला, सासरे एक झोप काढून उठले. पावणेतीन तासांनी माझ्या फोनवर स्ट्राव्हाची, म्हणजे सायकलवाल्यांच्या त्या नोंदवहीची, सूचना आली. खडकवासल्यापर्यंत आणि परत, ३१ किलोमीटर. खाली फोटोत धरणाची भिंत, तिला टेकवलेली काळी सायकल आणि कॅरिअरच्या चापात मान टाकलेली एक जुडी. राइडचं नाव साडूंनी 'कोथिंबीर' असं दिलं होतं.