रोडगे, धूर आणि आग्यामोहोळ

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात घरोघरी वावरातल्या जेवणाचा बेत ठरला की आधी वांगी आठवतात, मग तुरीची डाळ, मग गोवऱ्या. सावली तिथे पोचल्यावर शोधायची असते. त्या सावलीच्या वर कोणाचे बिऱ्हाड आहे, हा प्रश्न पडलाच तर रोडगे अर्धे भाजून झाल्यावर पडतो.

रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, आणि गोवरी धुराच्या बाबतीत अजिबात कंजूस नाही. हा धूर वडाच्या नाहीतर चिंचेच्या जाड फांदीपर्यंत जातो. तिथे आग्यामोहोळ असते. घराच्या भिंतीत किंवा झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी माशी गरीब. ती अंधारात एकामागे एक पोळी बांधून संसार करते. आग्या माशीचे एकच पोळे असते, फांदीला उघड्यावर लटकलेले, कधी हातभर तर कधी त्याहून मोठे. ना भिंत, ना दार. म्हणून माश्याच अंगाला अंग लावून पोळ्यावर पडदा धरतात. एखादी गांधीलमाशी जवळ घिरट्या घालू लागली की या पडद्यावरून लाट सरकत जाते. माश्या ओळीने पोट उचलून खाली घेतात आणि पोळे शहारल्यासारखे दिसते. गांधीलमाशीला तो इशारा कळतो. आपल्याला कळत नाही, कारण आपण भाजीत तिखट किती पडले ते बघत असतो.

अशा पंगतीत पुण्याहून आलेला एखादा जावई असतोच. जावयाला मान म्हणून झाडाच्या बुंध्याशी सतरंजी टाकलेली असते, म्हणजे नेमकी पोळ्याखाली. पहिली माशी त्याच्या कानाशी येते आणि तो पंचा गरगर फिरवतो.

“हालू नोका जवाईबापू! चूप बसा, थे काही करत नाही!” सासरे ओरडतात.

“मामाजी, ती करून गेली!”

पुढचे सगळे रसायनशास्त्र आहे. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती आपल्या कातडीत रुतून बसते, माशी मरते, पण विषाची पिशवी मागे राहून आत विष ढकलतच असते. शिवाय त्या जागेतून एक वास सुटतो, ‘इथे मारा’ असे बाकीच्यांना सांगणारा. 1962 साली शास्त्रज्ञांनी त्यातले मुख्य द्रव्य ओळखले. तेच द्रव्य पिकलेल्या केळ्याच्या वासातही असते. आता उपासवाल्या काकूंसाठी डझनभर केळी कोणी आणि कुठे ठेवली होती, याची चौकशी न केलेली बरी.

गांधीलमाशीचे वेगळे. तिची नांगी गुळगुळीत, त्यामुळे तिला मरायची घाई नसते. एकदा डसून समाधान झाले नाही तर ती पुन्हा डसते. मधमाशी निदान स्वतःचा जीव देऊन भांडते. माझे मत तिच्या बाजूने आहे.

माशी डसली की गावात वैद्यांचा सुकाळ होतो. एक जण चुना लावतो, दुसरा कांदा चोळतो, तिसरा लोखंडाची किल्ली घासतो, चौथा तोंडातली तंबाखू काढून पुढे येतो. या भांडणात नांगी काढायची राहूनच जाते. खरे काम तेवढेच आहे: नखाने खरडून ती लवकर काढायची, धुवायचे, थंड पाण्याची पट्टी ठेवायची. मात्र खूप माश्या डसल्या असतील, दम लागत असेल, किंवा ओठ-जीभ सुजत असेल तर कांदा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. तिथे थट्टा नाही.

उन्हाळ्यात वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते: सरणाच्या धुराने मोहोळ उठले आणि अंत्ययात्रेला आलेले लोक पळाले. सगेसोयरे, सरपंच, श्रद्धांजलीचे भाषण खिशात घेऊन आलेले पुढारी, सगळे एकाच वेगाने. ज्याच्यासाठी जमले तो तेवढा जागेवर. आग्या माशीला हुद्दा कळत नाही. तिला हलणारी वस्तू, गडद रंग आणि श्वास एवढेच कळते, म्हणून ती तोंडाकडे येते.

आमच्या जिल्ह्याने मधमाशीशी रीतसर मैत्री करायचा प्रयत्नही केला आहे. 1934 साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत तेलघाणी आणि हातकागदाच्या जोडीला मधमाशीपालनही आले. अहिंसेच्या मुक्कामी नांगीवालीला जागा मिळाली, याची मला गंमत वाटते. त्यात विचार होता: पोळे जाळून, अळ्यांसकट पिळून काढलेला मध कसला खायचा? पेटीतली चौकट बाहेर काढावी, मध घ्यावा, पोळे परत द्यावे. सातेरीने हे मान्य केले. आग्या माशी पेटीत राहायला आजही तयार नाही. मग वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मध काढणाऱ्यांना शिकवले की आग्यामोहोळाचा फांदीजवळचा मधाचा भाग तेवढा कापावा, खालच्या अळ्यांना हात लावू नये.

मोहोळ धुराने उठते तसे दगडानेही. आणि आमच्याकडे दगडांची कथाच आहे: तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. टेकडीवर गोल गोल दगड विखुरलेले दिसतात. दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचे, नारळांचे, दगड झाले अशी कथा आहे. भूगर्भवाले त्या दगडांना झिओलाइट म्हणतात. व्यापाऱ्यांनी माफी मागितली तेव्हा बाबांनी वाळल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला, असे कथा पुढे सांगते. आग्या माशीकडे माफीची सोय नाही. तेव्हा हाताशी दगड आणि डोक्यावर पोळे असेल तर पोरांच्या हातांवर लक्ष ठेवा.

आणि रोडग्यांना निघालात तर चूल मांडण्याआधी एकदा मान वर करून फांद्या बघा. मोहोळ दिसले तर दुसरे झाड शोधा, वाऱ्याने धूर तिकडे जाणार नाही असे. तरीही मोहोळ उठलेच तर पंचा फिरवू नका, विहिरीत उडी घेऊ नका, माश्या वर वाट बघतात. तोंड झाकून सरळ पळा आणि गाडीत नाहीतर घरात शिरून दार लावून घ्या. आणि जावयाची सतरंजी कृपा करून बुंध्यापासून लांब टाका.