आजोबांची भाडेपावती

सुरतेत लिंबायत-उधन्यात जन्मलेल्या खान्देशी पोराला शिष्यवृत्ती हवी असेल, तर अभ्यास दुय्यम. ‘मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजने’ला ८० पर्सेंटाइल आणि ६ लाखांच्या आतलं उत्पन्न लागतं. लूमवर राबणाऱ्या बापाचं उत्पन्न तर न सांगताच आत बसतं. जातीवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचं घोडं मात्र पेंड खातं ते जातीच्या दाखल्यापाशी. अनुसूचित जाती-जमातींचा माणूस परराज्यात गेला, की तिथे त्याला त्या सवलती नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगून ठेवलंय. म्हणजे तापी लाइनच्या गाडीत नंदुरबारला चढलेला माणूस मागास, उधन्याला उतरला की एकदम पुढारलेला! एवढी सामाजिक प्रगती, तीही जनरलच्या तिकिटात.

बरं, १ मे १९६० पर्यंत धुळे आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. त्याआधी आलेले आजोबा परराज्यात गेलेच नव्हते; राज्यच मधून फाटलं. पण जुन्या वास्तव्याचा कागद मागतात तो नातवाकडे. आजोबांनी खोलीच्या भाड्याची पावती जपली नाही, हा त्यांचा हलगर्जीपणा. नातू ‘डिजिटल गुजरात’वर लॉगिन करून बसलाय. नसलेली पावती अपलोड करायचीय, आणि तीही ठरलेल्या आकाराच्या फाइलीत.